लॉक मेलं, फाइल जिवंत आहे

माझ्या टेबलाच्या खणात काड्यापेटीहून जरा मोठं, हिरवट प्लॅस्टिकचं एक डबडं आहे. एका अंगाला पंचवीस पिना, दुसऱ्या अंगाला पंचवीस भोकं आणि कडेला दोन स्क्रू. जाणकार त्याला डॉंगल म्हणतात, आम्ही डीटीपीवाले नुसतं ‘लॉक’. प्रिंटरची केबल ज्या पोर्टला लागायची तिथे आधी हे बसवायचं आणि मग त्याच्या पाठीवर केबल. १९९९ साली मी मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर रीतसर पावती घेऊन विकत घेतलं, तेव्हा सीडीबरोबर हे आलं. सीडीच्या कॉप्या हव्या तेवढ्या निघाल्या असत्या, पण लॉक एकच. सॉफ्टवेअर पोर्टकडे एक आकडा पाठवायचं, लॉकमधली चिप त्यावर गुप्त हिशेब करून उत्तर द्यायची. उत्तर जुळलं तर पडदा उघडायचा आणि फॉन्ट लोड व्हायचे. नाही जुळलं तर पेजमेकरमधली, म्हणजे पानं मांडायच्या प्रोग्रॅममधली, फाइल उघडायची खरी, पण ओळीच्या ओळी कंस, टक्के, इंग्रजी अक्षरं आणि चौकोनांनी भरलेल्या. मराठीचं एक अक्षर दिसायचं नाही.

गेल्या वर्षी एक बाई आमच्या दुकानात आल्या. त्यांचे वडील शाळामास्तर. त्यांनी आपल्या भागातल्या बोलीचे शब्द आयुष्यभर गोळा केले होते आणि २००३ साली ते पुस्तक मीच जुळवलं होतं. पैसे कमी पडले म्हणून त्यातला शेती-अवजारांचा भाग छापायचा राहून गेला. मास्तर आता नाहीत. हस्तलिखित घर बदलताना गेलं. तो न छापलेला भाग जगात एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या कपाटातल्या एका सीडीवर. सीडी ठीक होती, फाइल ठीक होती. पण नव्या कॉम्प्युटरला ते रुंद पोर्टच नाही, बाजारातल्या बदली केबलीवर लॉक बोलत नाही आणि लॉकच्या पिना गंजलेल्या. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना फोन केला. उत्तर मिळालं की ते लॉक आता बनत नाही, नवी आवृत्ती घ्या. जुन्या फायलींचं काय विचारलं तर म्हणाले, पुन्हा टाइप करून घ्या. कशावरून टाइप करायचं?

शेवटी ओळखीतल्या एका इंजिनिअर मुलाने वाट काढली. भंगारातून एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यावर लॉक दहा-बारा वेळा काढून-घालून एकदाचं ओळखायला लावलं आणि चिप कशाला काय उत्तर देते ते टिपून घेतलं. मग माझ्या नव्या कॉम्प्युटरच्या आत विंडोज ९८चा एक खोटा कॉम्प्युटर उभा केला आणि त्याला एक खोटं लॉक जोडलं. तीन दिवसांनी खरं लॉक कायमचं बंद पडलं. पण पडद्यावर ‘कुळव’, ‘पाभर’, ‘जू’, ‘शिवळ’ अशी पानं एकापाठोपाठ उघडत होती. बाई उभ्याने वाचत होत्या.

त्या रात्री मुलाने विचारलं, “काकू, हे आपण केलं ते कायद्यात बसतं का?” मला उत्तर माहीत नव्हतं. ते शोधायला मी जे वाचलं, त्यावरून माझं मत पक्कं झालंय: बसतं, आणि बसायलाच हवं. जिथे बसत नाही तिथे कायदा बदलायला हवा.

एम्युलेशन म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचं सोंग हुबेहूब वठवणं. बहुरूपी दारात येतो तेव्हा तो पोलिसाचं रूप घेतो, पोलिसाचा गणवेश चोरत नाही. एम्युलेटर तसाच आहे. जुन्या चिपने काय केलं असतं ते तो नव्या कोडमध्ये, नव्याने लिहून करून दाखवतो. कॉपीराइट अभिव्यक्तीवर असतो. यंत्र कसं वागतं, या कल्पनेवर नसतो. हा फरक कायद्याच्या पहिल्या धड्यातला आहे, पण ‘एम्युलेटर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पायरसीच येते, म्हणून तो पुन्हा सांगावा लागतो.

याचा सगळ्यात जास्त कीस अमेरिकेत पडला आणि तोही व्हिडिओ गेमवरून. अॅकोलेड नावाच्या कंपनीला सेगाच्या जेनेसिस यंत्रावर चालणारे स्वतःचे गेम बनवायचे होते. त्यासाठी तिने सेगाच्या कार्ट्रिजमधला, म्हणजे यंत्रात खुपसायच्या गेमच्या डबीतला, कोड उलगडून पाहिला. यंत्र कार्ट्रिज स्वीकारण्याआधी त्यात एका ठरावीक जागी सेगा या नावाची अक्षरं आहेत का ते तपासायचं. हेही एक लॉकच. १९९२ साली तिथल्या नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने सांगितलं की कार्यपद्धती समजून घ्यायचा दुसरा मार्ग नसेल आणि कारण रास्त असेल, तर त्यासाठी कोडची कॉपी करणं हा न्याय्य वापर आहे, कॉपीराइटचा भंग नाही. २००० साली त्याच न्यायालयापुढे सोनी विरुद्ध कनेक्टिक्स हा खटला आला. कनेक्टिक्सने प्लेस्टेशनचे गेम मॅकिन्टॉश कॉम्प्युटरवर चालवणारा एम्युलेटर बनवला होता आणि तो बनवताना सोनीच्या बायोसच्या, म्हणजे यंत्र चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, कॉप्या पुन्हा पुन्हा केल्या होत्या. तयार मालात मात्र सोनीचा कोड नव्हता. न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला.

पण पुढे काय झालं ते बघा. पुढच्याच वर्षी सोनीने तो एम्युलेटर विकत घेऊन बंद केला. ब्लीम नावाचा असाच दुसरा एम्युलेटर होता. त्याची बाजू न्यायालयाने उचलून धरली, तरी वकिलांच्या खर्चाने ती छोटी कंपनी २००१ मध्ये संपली. आणि २०१८ साली सोनीने जुन्या गेमांचं प्लेस्टेशन क्लासिक हे यंत्र बाजारात आणलं, त्याच्या आत हौशी लोकांनी खुल्या पद्धतीने लिहिलेला एम्युलेटर होता. निन्टेंडोनेही २०१६ मध्ये आपलं जुनं यंत्र छोट्या रूपात विकलं, तेही एम्युलेशनवरच. तंत्र वाईट असतं तर त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांनी ते विकलं नसतं. वाद तंत्राचा नाहीच, ते कुणाच्या हातात असावं याचा आहे.

एम्युलेशन कायदेशीर ठरलं, पण त्याच सुमाराला लॉकला स्वतःचा वेगळा कायदा मिळाला. १९९८च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने अमेरिकेत असं ठरवलं की मजकुरापर्यंत पोचणं अडवणारं लॉक तोडणं हेच बेकायदा. आतला माल तुमचा असला तरी, कॉपी केली नाही तरी. ही मला त्या कायद्यातली मूळ चूक वाटते. स्वतःच्या ट्रंकेची किल्ली हरवली आणि कुलूप फोडलं तर कुणी त्याला घरफोडी म्हणत नाही. इथे म्हणतात.

त्यातून सुटका म्हणून दर तीन वर्षांनी तिथे सवलती मागाव्या लागतात. २००३ साली दिलेल्या सवलतींत एक चक्क आमच्या लॉकची होती: डॉंगल बिघडलं असेल आणि ते आता मिळत नसेल, तर ते टाळून सॉफ्टवेअर वापरता येईल. माझ्या टेबलाच्या खणातली अडचण तिथल्या अधिकाऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी कागदावर मांडली होती, हे वाचून मला हेवा वाटला. पण सवलत ही सवलतच. दर खेपेला नव्याने मागायची, मिळाली तर मिळाली. २०२३ मध्ये व्हिडिओ गेमच्या इतिहासावर काम करणाऱ्या एका संस्थेने पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठेच मिळत नाहीत असं दिसलं. ग्रंथालयांनी विनंती केली की आम्ही जतन केलेले असे गेम अभ्यासकांना घरून वापरू द्यावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती फेटाळली गेली. लोक गंमत म्हणून खेळतील, अशी भीती प्रकाशकांच्या बाजूने मांडली गेली होती. पुस्तकाच्या बाबतीत असं कुणी म्हणालं असतं का, की ग्रंथालयातून कादंबरी देऊ नका, वाचणाऱ्याला मजा येईल?

त्याच वर्षी निन्टेंडोने युझू या एम्युलेटरच्या निर्मात्यांवर दावा लावला. गाभ्याचा मुद्दा कोड चोरल्याचा नव्हता. गेम चालवताना त्यावरची गुप्तलिपी उघडली जाते, म्हणून हे लॉक तोडण्याचं साधन, असा होता. फेब्रुवारीत दावा, मार्चमध्ये तडजोड, २४ लाख डॉलर. युझूच्या बाजूने मी सरसकट उभी राहणार नाही. बाजारात न आलेला गेम लोक आधीच फुकट खेळत असतील आणि त्याच काळात एम्युलेटरवाल्यांकडे वर्गणीचा ओघ वाढत असेल, तर ते जतन नव्हे. पण तडजोड झाल्याने मुद्द्यावर खल झालाच नाही. खटल्याचा खर्च झेपत नाही म्हणून प्रश्न सुटतो तेव्हा तो सुटत नाही, दडपला जातो.

लॉकमुळे वस्तूच मरते, याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण गेम पार्लरमधलं आहे. नव्वदच्या दशकात कॅपकॉम कंपनीच्या एका जातीच्या आर्केड बोर्डांवर गेमचा कोड गुप्तलिपीत असे आणि ती उघडायची किल्ली बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या स्मृतीत असे. बॅटरी संपली की किल्ली पुसली जायची आणि बोर्ड निकामी. कुणी हात लावला नाही, चोरी केली नाही, नुसती वर्षं गेली तरी. हौशी लोक त्यांना आत्महत्येच्या बॅटऱ्या म्हणतात. पुढे अशाच लोकांनी ती गुप्तलिपी उकलली, म्हणून ते बोर्ड आज पुन्हा चालू करता येतात आणि ते गेम एम्युलेटरवर पाहता येतात. मालकाने टाकून दिलेलं कुलूप उघडणारे हे लोक मला चोर वाटत नाहीत. ते मला बखरी उतरवून ठेवणाऱ्या कारकुनांच्या जातीचे वाटतात.

आता आपल्याकडे येते. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. लॉकविषयीचं कलम ६५-ए त्यात २०१२च्या दुरुस्तीने आलं. मी ते वाचायला घेतलं तेव्हा अमेरिकेची नक्कल असेल अशीच माझी समजूत होती. तसं नाही. लॉक टाळणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण तेव्हाच, जेव्हा ते हक्कभंग करण्याच्या हेतूने टाळलं असेल. ‘हेतू’ हा एक शब्द घालून आपल्या कायदा करणाऱ्यांनी फार मोठं शहाणपण दाखवलं आहे. पुढे पोटकलमात असंही म्हटलंय की कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी हे केलं तर ते कलम आड येत नाही.

त्याच्या जोडीला कलम ५२ आहे. त्यातल्या ‘एए’मध्ये सॉफ्टवेअरची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला, ते ज्या कामासाठी दिलं त्या कामासाठी वापरण्याकरिता कॉपी किंवा फेरफार करायची मुभा आहे. ‘एबी’मध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवायची मुभा आहे, ‘एसी’मध्ये प्रोग्रॅम कसा चालतो ते अभ्यासायची, आणि ‘एडी’मध्ये स्वतःच्या कायदेशीर प्रतीवरून खाजगी, बिगरव्यापारी वापरासाठी कॉपी करायची. माझं सॉफ्टवेअर मराठी जुळवण्यासाठी विकलं गेलं, मी पैसे मोजले, माझ्याकडे पावती आहे आणि मी त्यावर मराठीच जुळवते आहे. खोट्या लॉकने कुणाचा कुठला हक्क भंगला? माझ्या वाचण्यात तरी एकही नाही.

मग तक्रार कशाबद्दल? तीन ठिकाणी हा कायदा माझ्यासारखीला वाऱ्यावर सोडतो.

सगळ्यात मोठी फट ग्रंथालयांच्या तरतुदीत आहे. कलम ५२ मधलं ‘एन’ पोटकलम बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कुठलीही कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवू देतं, पण अट अशी की त्या ग्रंथालयाकडे तिची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असली पाहिजे. २०१२ साली हे लिहिताना डोळ्यांपुढे कागदाची पुस्तकं होती, ते उघड आहे. जे जन्मालाच डिजिटल आलं त्याचं काय? सीडीवर निघालेला शब्दकोश, शाळांसाठीचं सॉफ्टवेअर, मास्तरांचं न छापलेलं प्रकरण, यांची छापील प्रत कधी नव्हतीच. म्हणजे जे सगळ्यात लवकर नष्ट होणार आहे, तेच जतन करायची स्पष्ट परवानगी नाही. या पोटकलमातला तो एक शब्द काढून टाकावा. त्याला पैसा लागत नाही, समिती लागत नाही.

दुसरं, करारपत्र. सॉफ्टवेअर बसवताना आपण न वाचता ‘मान्य आहे’ दाबतो, त्यात बहुधा कोड उलगडायचा नाही, लॉक टाळायचं नाही असं लिहिलेलं असतं. युरोपात १९९१च्या निर्देशातच म्हटलंय की जुळवून घेण्यासाठी कोड उलगडण्याचा आणि बॅकअप ठेवण्याचा हक्क करार करून काढून घेता येणार नाही; तशी अट रद्दबातल. आपल्या कायद्यात अशी ओळ नाही. संसदेने दिलेला हक्क एका बटणाने परत जाऊ शकतो की नाही, हे वापरणाऱ्याने वकिलाला विचारत बसायचं.

आणि तिसरं, मदत करणाऱ्याची नोंदवही. दुसऱ्याला लॉक टाळायला मदत करणाऱ्याने त्याचं नाव, पत्ता, कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असं ६५-ए सांगतं. मला याचं वावडं नाही. जुन्या वस्तूंचा दुकानदार नोंद ठेवतो, आम्हीही ठेवू. पण ती किती वर्षं ठेवायची, कुणी मागितली तर दाखवायची, सार्वजनिक ग्रंथालयाने वाचकाची अशी माहिती ठेवावी का, हे त्या कलमात सांगितलेलं नाही. तसं सांगितलं तर त्या इंजिनिअर मुलासारखे लोक घाबरत घाबरत मदत करणार नाहीत.

माझ्याच धंद्यातले लोक मला उलट विचारतील, आणि त्यांनी विचारावंच. मराठी फॉन्टची चोरी किती झाली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकाने सीडी घ्यायची आणि गल्लीतल्या दहा जणांनी वापरायची. रोमन लिपीचा फॉन्ट काही दीडशे-दोनशे चिन्हांत आटोपतो. देवनागरीत जोडाक्षरं, रफार, अर्धी अक्षरं हाताने काढून, वळणं सांभाळत महिनोन्‌महिने घालावे लागत. त्या लोकांनी लॉक लावलं यात काही चुकलं नाही. लॉक नसतं तर मराठीत तेवढीही सॉफ्टवेअरं झाली नसती. आजही जे विकत मिळतं त्याचं लॉक तोडून फुकट वापरणं ही चोरीच, आणि तिला एम्युलेशनचं नाव देऊन पवित्र करू नये.

पण लॉक लावणाऱ्यावर ते पुढेही उघडता येईल असं ठेवायची जबाबदारीही येते. मी सॉफ्टवेअर घेतलं, पण त्यात जे लिहिलं ते माझं आणि माझ्या गिऱ्हाइकांचं होतं. मास्तरांच्या शब्दांवर कॉपीराइट मास्तरांचा, आज त्यांच्या मुलीचा. त्यांच्या हक्काच्या वस्तूवर तिसऱ्याचं लॉक बसलं आणि तिसरा ‘आता बनवत नाही’ म्हणून मोकळा झाला. कॉपीराइट लेखकासाठी आहे ना? मग इथे लेखकाच्याच वारसाला दाराबाहेर कोण उभं करतंय?

‘छापील पुस्तक स्कॅन करा, मशीन वाचेल’ असंही सांगतात. छापलेलं असेल तर जरूर करावं. मी करते, आणि प्रत्येक पानावर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल दुरुस्त करत बसते. बोलीच्या कोशात तर मशीनला अंदाजही बांधता येत नाही, कारण तो शब्द त्याने कधी पाहिलेलाच नसतो. आणि जे छापलंच नाही ते स्कॅन कुठून करणार? १९९० ते २००५ या काळातले दिवाळी अंक, स्थानिक साप्ताहिकं, गावांचे इतिहास, सहकारी संस्थांच्या स्मरणिका बहुतेक अशाच फॉन्टांत जुळवल्या गेल्या. त्यांच्या फायली आज निवृत्त होत चाललेल्या ऑपरेटरांच्या कपाटात आहेत.

१९५४च्या कायद्याने प्रकाशकाला छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. त्यात मुंबईचंही एक आहे. सॉफ्टवेअरला असं काही नाही. भारतीय भाषांत लिहिण्यासाठी जे सॉफ्टवेअर विकलं जातं, त्याची लॉक नसलेली एक प्रत आणि फॉन्टमधल्या चिन्हांचा तक्ता असाच जमा करून घ्यावा. विक्री चालू आहे तोवर तो मोहोरबंद राहू दे, हरकत नाही. विक्री आणि दुरुस्ती दोन्ही थांबली की ग्रंथालयाने उघडावा. कंपनी बुडाली, मालक सापडत नाही, अशा कृतींसाठी कलम ३१-एमध्ये परवान्याची सोय आहे, पण ती कृती प्रकाशित करायला. कुलपाची किल्ली त्यातून मिळत नाही.

मास्तरांच्या कोशाची दुसरी आवृत्ती आता प्रुफात आहे, अवजारांच्या भागासकट. ती बातमी पसरल्यापासून आमच्याकडे लोक यायला लागलेत. मी दोनशे पानी रजिस्टर आणलंय. नाव, पत्ता, पावती आहे का, फाइल कशाची, कशासाठी उघडायची. पावती नसेल तर मी नाही म्हणते. परवा इस्लामपूरचे एक ऑपरेटर रुमालात गुंडाळून लॉक घेऊन आले. पिना वाकलेल्या, पण चिप अजून बोलते. त्यांच्याकडे एका गावच्या जत्रेची, तिथल्या मानकऱ्यांची आणि पालखीच्या वाटेची शंभर पानं आहेत. सांगणारे बहुतेक लोक वारलेत. सही करताना त्यांचा हात थबकला. “ताई, यात काही भानगड तर नाही ना?” मी त्यांच्यापुढे ६५-एचा छापील कागद ठेवला आणि ‘हेतूने’ या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: वाचण्यासाठी.